पाळी, मिरास आणि मक्ता : काशीच्या घाटांवरून मक्तेदारीचा विचार

मणिकर्णिका घाटावर चिता पेटवायला काडेपेटी चालत नाही. घाटाच्या वरच्या अंगाला डोम जातीची धुनी आहे आणि ती विझू द्यायची नाही असा दंडक आहे. लाकडे तराजूवर मापून होतात, प्रेत सरणावर ठेवले जाते, मग कर्ता त्या धुनीपाशी जातो. तिथे आगीचा मोबदला ठरतो. घराणे कोणते, सोबत मंडळी किती, अंगावरची वस्त्रे कशी, यावरून आकडा जोखला जातो, घासाघीस होते, आणि मग पेटत्या गवताची जुडी हाती धरून कर्ता सरणाकडे परततो. राजा हरिश्चंद्राला विकत घेणाऱ्या डोमाची कथा या हक्कामागे उभी केली जाते. दाराशी मृत्यू, समोर एकच धुनी आणि परत फिरण्याची सोय नाही : मक्तेदारीचे याहून उघड चित्र सापडणे कठीण. तरीही जवळून पाहिले की हे चित्र पालटते. काशीच्या अंत्यविधींवर जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने दीर्घकाळ काम केले आणि 1994 मध्ये त्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की घाटावरचा हक्क एका माणसाचा नाहीच. तो ‘पारी’ने, म्हणजे आपल्याकडच्या पाळीने, अनेक घरांत वाटलेला आहे. बापाच्या पाळीचे मुलांत वाटे पडतात, त्या वाट्यांचे नातवंडांत. पाळी गहाण पडते, विकली जाते. ‘डोमराजा’ हा शब्द कानावर पडला की सगळा घाट एका मुठीत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात पुष्कळ घरांच्या वाट्याला फार थोडे दिवस येतात.

मराठीत या प्रकाराला आपण सरसकट मक्तेदारी म्हणतो. पण आपल्याच दप्तरांत यासाठी दोन वेगळे शब्द होते. मक्ता म्हणजे ठरल्या रकमेवर घेतलेला ठेका. मक्तेदार वरच्या सत्तेला पैसा भरतो आणि खालून वसूल करतो, मुदत संपली की त्याचा त्या गावाशी संबंध संपतो. मिरास म्हणजे वारशाने आलेला हक्क. त्याच्याबरोबर काम येते, भाऊबंद येतात, तंटे येतात आणि तो हक्क गावाच्या नजरेखाली राहतो. दोन्हींत बाहेरच्याला दार बंदच असते, त्यामुळे मिरास सोज्ज्वळ आणि मक्ता तेवढा दुष्ट अशी वाटणी मी करणार नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की हक्क एकाच्या हाती आहे की दहांच्या, या मोजणीने मक्तेदारीचा न्याय होत नाही. खरे प्रश्न दोन आहेत. ज्याला गरज आहे त्याला दुसरी वाट उरली आहे का? आणि ती वाट अडवून धरण्याचा खर्च कोण उचलतो? काशीच्या गेल्या साडेचारशे वर्षांकडे या दोन प्रश्नांनी पाहिले, तर कुठली मक्तेदारी सुसह्य होती आणि कुठली माणसांना मुळापासून पिळत होती, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न मुळात पशुपक्ष्यांच्या अभ्यासातून आला आहे. 1964 मध्ये जेरम ब्राउन यांनी पक्ष्यांच्या हद्दींबद्दल एक साधा विचार मांडला : राखणीला लागणाऱ्या श्रमापेक्षा राखलेल्या अन्नाचा लाभ जास्त असेल, तरच पक्षी हद्द राखतो. अन्न फार विरळ असेल तर राखण परवडत नाही, फार मुबलक असेल तर राखणीची गरज नसते. 1977 मध्ये एम्लेन आणि ओरिंग यांनी हा धागा पुढे नेला. साधन एका जागी आणि एका वेळी गोळा झालेले असले की थोड्यांना ते अडवता येते, विखुरलेले असले की येत नाही. काशीच्या देवळांतल्या माकडांपुढे फुटाणे एकाच ठिकाणी ओतले तर दांडगा नर ढिगावर बसतो आणि पिल्ले काठावर उभी राहतात. तेच फुटाणे अंगणभर उधळले तर सगळी टोळी खाते. माकडांचा स्वभाव तोच असतो, बदलते ती फक्त फुटाण्यांची मांडणी.

काशीचे सारे अर्थकारण अशा गोळा झालेल्या साधनावर उभे आहे. शास्त्राने पाहिले तर मोक्ष इथे अंगणभर उधळलेला आहे, कारण पंचक्रोशीच्या आत कुठेही देह पडला तरी मुक्ती, अशी श्रद्धा आहे. या पंचक्रोशीची प्रदक्षिणा सुमारे 80 किलोमीटरची. पण व्यवहारात तो मोक्ष गंगेच्या एका काठावर, जेमतेम सहा-सात किलोमीटरच्या चंद्रकोरीवर आणि त्यातही मणिकर्णिका व हरिश्चंद्र या दोन घाटांवर येऊन साठला. जिथे साठा, तिथे राखणदार. यात्रेकरूच्या गावावरून त्याचा तीर्थपुरोहित ठरतो आणि तो जुन्या वह्या उघडून पणज्याची नोंद दाखवतो. छत्रीखाली बसलेला घाटिया स्नानाचा संकल्प सांगतो, मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांचे दान महाब्राह्मण घेतो. मल्लाहांत, म्हणजे नावाड्यांतही, ज्यांना ठरावीक घाटावर नावा लावण्याचा हक्क आहे ते घाटवार वेगळे आणि त्यांच्या हाताखाली वल्ही मारणारे वेगळे. काशीला गेलेल्या मराठी माणसाची जुनी तक्रार अशी की पावलापावलावर कुणीतरी हात पुढे करतो. तक्रार खरी आहे. मात्र ते हात अनेक आहेत आणि एकमेकांना पाण्यात पाहतात, म्हणूनच तिथे घासाघीस होऊ शकते, हेही खरे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. डोमांच्या हक्काला मक्तेदारी म्हणणे म्हणजे ज्या जातीच्या हातचे पाणी कुणी घेत नव्हते, तिच्या पायातल्या बेडीला दागिना म्हणण्यासारखे आहे. हे काम त्यांनी निवडले नव्हते. इतर सगळी दारे बंद करून जे एक उघडे ठेवले, त्यालाच आपण त्यांची मालकी म्हणतो. आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातूनच मुद्दा पुढे सरकतो. दुर्बलाच्या हाती असलेली मक्तेदारी दुहेरी कोंडी असते : शोकाकुल कुटुंबाला दुसरी धुनी नाही, आणि धुनीवाल्याला दुसरा धंदा नाही. मात्र तिच्यातून कधी कधी सामर्थ्यही निघते. 1810 मध्ये कंपनी सरकारने बनारसवर घरपट्टी बसवली. डिसेंबरपासून लोहार, गवंडी, विणकर, न्हावी, भोई यांनी कामे टाकली आणि माणसे घरेदारे सोडून शहराबाहेर मैदानात जाऊन बसली. धरमपाल यांनी या सत्याग्रहाची सरकारी कागदपत्रे पुढे प्रसिद्ध केली. विधी करणारी माणसे मिळत नसल्याने प्रेते तशीच गंगेत सोडावी लागत आहेत, असे इंग्रज अधिकाऱ्याने त्यांत नोंदवले आहे. अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. ज्यांना समाजाने सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवले होते, त्यांच्यावाचून शहर एक दिवसही चालत नाही, हे त्या हिवाळ्यात सगळ्यांना कळले.

दुसरी वाट उघडण्याचा प्रयत्न याच काठावर नंतर झाला. गंगा कृती योजनेचा आरंभ 1986 मध्ये वाराणसीतच झाला आणि त्या योजनेतून 1989 मध्ये हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी उभी राहिली. तिला डोमांचा विरोध झाला, सनातन्यांचाही झाला. पण ज्यांना लाकडाचा खर्च झेपत नव्हता, त्यांना पहिल्यांदा घासाघीस न करता आपल्या माणसाला निरोप देता आला. शेजारीच धुनीही चालू राहिली. मक्तेदारी मोडण्याची ही रीत मला सगळ्यांत सरळ वाटते : जुन्या हक्कदाराला हाकलू नका, त्याच्या शेजारी दुसरे दार उघडा. उणीव राहिली ती वेगळी. दाहिनी उभारणाऱ्यांनी धुनीवरच्या मुलांसाठी दुसरे दार उघडले नाही. शाळा, नोकरी, भांडवल यांतले काही त्या योजनेच्या आराखड्यात नव्हते. गिऱ्हाईक सुटले आणि धुनीवाला अडकलेलाच राहिला.

पोटापाण्याच्या साधनांकडून विद्येच्या सत्तेकडे वळले की काशीचा इतिहास थेट मराठी होतो. सोळाव्या शतकात पैठणहून रामेश्वर भट्टांचे घराणे काशीला आले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे त्या काळच्या धर्मशास्त्र्यांत अग्रणी ठरले. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ त्यांचा, आणि 1585 च्या सुमारास तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले तेही त्यांच्या पुढाकाराने. पंडितांच्या सभेत अग्रपूजेचा मान या घराण्याकडे आला. त्या देवळाच्या मुक्तिमंडपात दक्षिणी पंडित जमत आणि जातींच्या वादांवर निर्णयपत्रे देत. कोकणातल्या आणि देशावरच्या तंट्यांचा निकाल शेकडो कोसांवरच्या गंगाकाठी लागे. त्याच भट्टांचे वंशज गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर आले आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. ज्याने स्वबळावर राज्य उभे केले त्या पुरुषालाही अधिकाराची मोहर काशीकडूनच घ्यावी लागली, याचे वैषम्य आजही अनेक मराठी मनांत आहे आणि ते रास्त आहे. मात्र ती मोहर कुणाच्या बळावर चालत होती, हेही पाहिले पाहिजे. पंडितांकडे ना फौज होती ना तुरुंग. त्यांची सत्ता निकाल मागायला येणाऱ्यांच्या गरजेवर उभी होती. इकडच्या ब्राह्मणांनी शंका काढल्या म्हणून काशीचे दार ठोठवावे लागले, आणि काशीने ते उघडले. इथली मक्तेदारी तोडायला तिथली मक्तेदारी कामी आली.

विद्येच्या राखणीला मुळातच एक भगदाड असते. पाणी किंवा लाकूड एकाने घेतले की दुसऱ्याला उरत नाही. विद्येचे तसे नाही, ती उतरवून घेता येते आणि भाषा बदलून नेता येते. नारायण भट्टांचा काशीत दबदबा होता त्याच काळात पैठणचाच आणखी एक माणूस तिथे होता. एकनाथांनी आपले भागवत शके 1495 च्या, म्हणजे 1573 च्या, कार्तिक पौर्णिमेला वाराणसीत पुरे केले. संस्कृतातले ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतला तपशील बाजूला ठेवला तरी घटना उरते : संस्कृत विद्येच्या राजधानीत बसून एका मराठी माणसाने तिचे कुंपण ओलांडले. याच शहरात तुलसीदासांनी अवधीत रामकथा सांगितली. कबीरांनी तर सगळ्यांत मूलगामी मार्ग धरला. परंपरा सांगते की अखेरच्या दिवसांत ते काशी सोडून मगहरला गेले, जिथे मरणाऱ्याला सद्गती नाही असे लोक मानत. मोक्षाचे ठिकाणच नाकारले की त्या ठिकाणच्या राखणदाराकडे विकायला काही उरत नाही. एकाच गावातून काशीला अधिकाराचे रक्षक मिळाले आणि त्या अधिकाराला वाट फोडणाराही मिळाला, ही पैठणची दुहेरी देणगी आपल्याकडे एकत्र ठेवून फारशी पाहिली जात नाही.

इथपर्यंतच्या सगळ्या मक्तेदाऱ्यांत राखणीचा खर्च बव्हंशी राखणदारच उचलत होता. भाऊबंदांचे तंटे, गिऱ्हाइकांची नाराजी, शेजाऱ्याची चढाओढ हा तो खर्च. आता ज्या मक्त्यापुढे हे सगळे किरकोळ वाटते, त्याच्याकडे वळतो. 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधली अफूची खरेदी कंपनीच्या एकाधिकाराखाली आणली. 1775 मध्ये अवधच्या नबाबाकडून बनारसचा मुलूख कंपनीकडे आला. पुढे अफूच्या दोन एजन्सी उभ्या राहिल्या, एक बिहारची आणि एक बनारसची. बनारस एजन्सीचा कारखाना गंगेच्या खालच्या अंगाला, गाझीपूरला होता. रीत अशी : परवान्याशिवाय खसखशीचे झाड लावायचे नाही. परवाना घेतलेल्या शेतकऱ्याने आगाऊ रक्कम उचलायची. बोंडांना चिरा देऊन गोळा केलेला सगळा चीक सरकारी वजनकाट्यावर घालायचा, तोही सरकारने ठरवलेल्या भावाने. दुसऱ्याला विकला तर गुन्हा. कारखान्यात त्या चिकाचे गोळे होत, त्यांवर खसखशीच्या वाळलेल्या पाकळ्यांचे थर लपेटले जात, पेट्या भरून नदीमार्गे कलकत्त्याला जात. तिथल्या लिलावात व्यापारी त्या विकत घेत आणि चीनमध्ये कायदा मोडून उतरवत. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि लिलावातला भाव यांत कित्येक पटींची तफावत होती. एकोणिसाव्या शतकात सरकारच्या उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या बाबींत अफू होती. रॉल्फ बाउअर यांनी 2019 च्या ग्रंथात या शेतकऱ्यांचे जमाखर्च तपासले आणि दाखवले की सरकारी भावाने अफू पिकवणे हा बहुतेकांना आतबट्ट्याचा धंदा होता. मग ते का पिकवत? खंड आणि सारा भरण्याच्या वेळी आगाऊ रक्कम हाती पडे, आणि एकदा उचल घेतली की गावचा जमीनदार, अफूखात्याचा गुमास्ता आणि कोर्ट ही तिघे त्याच बाजूला उभी असत. ज्याला पिळायचे, त्याच्याच पैशाने त्याच्यावर पहारा बसवला गेला होता. सत्तेच्या मक्त्याचे मर्म मला इथे दिसते. पक्षी आपली हद्द स्वतःच्या पंखांनी राखतो. कंपनीने राखणीचा खर्च राखल्या जाणाऱ्यांवर टाकला.

हा मक्ता जिथे ढिला पडला ती जागा मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकर आणि त्यांच्या भोवतालच्या संस्थानांच्या मुलखात, उत्तम अफू पिकत होती आणि तिथे कंपनीचा परवाना चालत नव्हता. 1818 नंतर कंपनीने संस्थानांशी करार करून, स्वतः खरेदी करून, वाटा अडवून हा माल बंद पाडण्याचा प्रयत्न केला. व्यापाऱ्यांनी उंटांवरून माल राजपुतान्यामार्गे सिंधकडे वळवला आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला नेला. अमर फारूकी यांनी या चोरट्या व्यापाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. 1830 च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या मालावर परवाना शुल्क घेऊन समाधान मानले. मुंबईच्या पहिल्या मोठ्या भांडवलापैकी बराच पैसा या माळवी अफूतून आला. या स्पर्धेने चिनी माणसाचे काहीच भले झाले नाही, उलट अफू अधिक आणि स्वस्त पोहोचली. म्हणून दुसरी वाट असणे हे पुरेसे भले आहे असे मी म्हणत नाही. पण बनारसच्या शेतकऱ्याला जो भाव एकाच काट्यावर मुकाट घ्यावा लागे, त्यावर माळव्याचा शेतकरी घासाघीस करू शकत होता, हा फरक त्या दोघांच्या घरात धान्य किती उरले याच्याशी बांधलेला होता. गाझीपूरचा कारखाना आजही सरकारी आहे आणि औषधांसाठी अफूवर प्रक्रिया करतो.

विणकरांच्या मोहल्ल्यात हाच प्रश्न रेशमी वेष्टनात येतो. मदनपुरा, अलईपुरा या वस्त्यांतले अन्सारी कारागीर साडी विणतात, पण रेशीम, नक्षी आणि बाजार बहुधा गद्दीवाल्या व्यापाऱ्याच्या हाती असतो. विणकर गद्दीवर साडी घेऊन जातो. दोष काढून दर उतरवला जातो आणि पैसे हप्त्यांनी मिळतात. 2009 मध्ये बनारसी साडीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आणि वाराणसीसह सहा जिल्ह्यांना त्या नावाचा कायदेशीर एकाधिकार मिळाला. नावाला संरक्षण मिळाले हे चांगलेच झाले. सुरतेच्या यंत्रमागावरचे कापड त्या नावाने विकणे निदान बेकायदा ठरले. पण नावाचा हक्क आणि भावाचा हक्क या दोन गोष्टी आहेत. विणकराला गद्दी बदलण्याची मोकळीक आणि रोख पैसा मिळाल्याशिवाय हा एकाधिकार त्याच्या मागापर्यंत पोहोचत नाही. विणकरांचे जुने हत्यार ‘मुर्री बंद’, म्हणजे सगळ्यांनी मिळून माग थांबवणे. पैठणीलाही अशीच नोंदणी आहे, तेव्हा येवल्याच्या वाचकाला हे परके वाटू नये.

दुसरा मोठा आक्षेप इथे ऐकला पाहिजे. पंडे, पुरोहित, घाटवार, गद्दीवाले या सगळ्या छोट्या मक्तेदारांनी यात्रेकरूला आणि कारागिराला पिढ्यान्‌पिढ्या नाडले. मग शासनाने हे सगळे हाती घेऊन एकसूत्री कारभार केला तर बिघडले कुठे? विश्वनाथ मंदिराचे उदाहरण समोर आहे. अहिल्याबाई होळकरांनी 1777 च्या सुमारास बांधलेल्या या मंदिराचा कारभार पिढीजात महंतांकडे होता. तिथे दलितांना प्रवेश मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, तोही संघर्षातून. सनातनी संन्यासी करपात्री महाराजांनी त्या प्रवेशाच्या विरोधात मीर घाटावर वेगळे विश्वनाथ मंदिर स्थापले. 1983 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कायदा करून मंदिराचा कारभार हाती घेतला आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला : पूजाविधी हा धर्माचा भाग, पण व्यवस्थापन हा ऐहिक विषय. हा निकाल मला योग्य वाटतो. सार्वजनिक देवाची तिजोरी एका घराण्याची असू नये. पण आक्षेपातला ‘एकसूत्री’ हा शब्द मला खटकतो. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. तीनशेहून अधिक मालमत्ता घेऊन गंगेपर्यंत प्रशस्त वाट झाली, वृद्धांना आणि अपंगांना दर्शन सुकर झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वेळी लाहौरी टोल्यासारख्या गल्ल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर शंभर छोट्या हातांचे व्यवहारही गेले. आता पैसे भरून लवकर दर्शन घेण्याची अधिकृत सोय आहे. पंड्याने पैसे घेऊन रांग मोडली तर आपण त्याला लूट म्हणत होतो. पावती मिळाल्याने हिशेब स्वच्छ होतो, परंतु रांगेतल्या गरीब माणसाचा वेळ तेवढाच मागे ढकलला जातो. अनेक पाळ्या मोडून एक खिडकी केली तर ती खिडकी कुणाला जबाबदार, हे आधी ठरले पाहिजे. छोट्या मक्तेदाराशी भांडता येत होते.

पैसा आणि सत्ता यांच्याहून नवी मक्तेदारी लक्ष वेधण्याची आहे, आणि काशीत ती उघड दिसते. दशाश्वमेधावरची संध्याकाळची भव्य गंगा आरती आजच्या रूपात 1990 च्या दशकापासूनची आहे. दिवे, चौरंग, एका तालात फिरणारे हात, समोर पाण्यात नावांची दाटी : दृश्य खरोखर देखणे आहे. पण त्या तासाभरात सारे शहर एका बिंदूवर गोळा होते, आणि साठा झाला की राखणदार आलाच, मग तो नावेतल्या जागेचा असो, गच्चीतल्या खुर्चीचा किंवा पडद्यावरच्या चित्राचा. नदीवर क्रूझ बोटी आल्या तेव्हा मल्लाहांनी विरोध केला. त्यांची भीती अशी की गिऱ्हाईक एका धक्क्यावर उतरेल आणि मधल्या घाटांवरच्या नावा रिकाम्या राहतील. ही भीती स्वार्थी म्हणून झटकता येणार नाही. 1878 च्या उत्तर भारत फेरी कायद्याने सरकारी उतारांचे ठेके बांधून दिले, तेव्हापासून ही माणसे आपल्याच नदीवर कुणाच्या तरी परवानगीने वल्ही मारत आली आहेत.

राहता राहिला तो आक्षेप, जो बहुतेक चर्चांत शेवटचा म्हणून फेकला जातो : निसर्गातही बळी तो कान पिळी, मग माणसाला दोष का द्यावा? निसर्गात बळी असतो हे खरे. पण तिथे एकाच प्राण्याने सगळी नदी अडवल्याचे उदाहरण नाही, कारण राखणीचा खर्च वाढत गेला की बळ संपते. आपण ती मर्यादा ओलांडली आहे. 1854 मध्ये हरिद्वारला गंगेचा कालवा निघाला आणि वरच्या भागातले पाणी शेतीकडे वळले. पुढे मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने 1916 मध्ये सरकारशी करार झाला की हर की पौडीवरून किमान 1000 क्युसेक पाणी अखंड वाहील. 1975 मध्ये फराक्क्याचे धरण सुरू झाले, आणि समुद्रातून अंडी घालायला प्रयागपर्यंत वर चढणारी हिलसा मध्य गंगेतून जवळजवळ नाहीशी झाली. काशीच्या कोळ्यांच्या जाळ्यात आज तिलापियासारखे परके मासे येतात. 1989 मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत 7 किलोमीटरचा पट्टा कासवांसाठी अभयारण्य म्हणून राखला गेला. 2020 मध्ये त्याचा दर्जा काढून घेण्यात आला. हिलसाला पाळी नाही, कासवाला मिरास नाही, आणि दोघांपैकी कुणालाही मुर्री बंद करता येत नाही. म्हणून नदीच्या बाबतीत वाटणीची जबाबदारी पूर्णपणे वाटणाऱ्यावर येते, आणि कागदावर लिहिलेल्या किमान प्रवाहापलीकडे ती आपण अजून नीट उचललेली नाही.

काशीला मराठी माणसे जात राहणार, आणि त्यांनी जावे. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावे वाचून अभिमान वाटावा, यातही वावगे नाही. एक विनंती आहे. साडी घ्याल तर विणकराच्या सहकारी संस्थेत किंवा त्याच्या घरच्या मागाशी जाऊन घ्या आणि पैसे रोख द्या. नाव करायची असेल तर आरतीच्या गर्दीतली नको, पहाटेची आणि मधल्या एखाद्या घाटावरची करा. आणि एक दिवस पंचक्रोशीच्या पहिल्या मुक्कामाला, कंदव्याच्या कर्दमेश्वराला द्या. बाराव्या शतकाच्या सुमाराचे ते देऊळ काशीतल्या आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या देवळांपैकी आहे. शास्त्राप्रमाणे तीही काशीच आहे.